वाटणीला गेलेली जोडी

घर वाटावं, धानाच्या बांध्या वाटाव्या, तलावाच्या पाण्याची पाळीसुद्धा वाटावी; पण पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी वाटू नये, हे साऱ्या झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चिखलबांधच्या कापगत्यांना मात्र ते ठाऊक असूनही जमलं नाही. म्हातारे परसराम गेले आणि वर्ष उलटायच्या आत तिघा भावांनी वाटणी मागितली. पंच बसले. भांडी वाटली, ऊस वाटला, गुळाच्या कढया वाटल्या. गाडी अडली ती बैलांपाशी. कारण पाखऱ्या आणि मोऱ्या ही काही नांगराची जोडी नव्हती. देवरीच्या पटात ही जोडी अशी सुटली होती म्हणतात, की झेंडी पाडणाऱ्याचा हात अजून खाली यायचा होता आणि जोडी पलीकडच्या नाल्यात पाणी पीत उभी होती. ऐकणाऱ्यानं पाहिजे तर नाला वगळावा, पण त्याहून कमी करू नये.

पंचांनी डोकी खाजवली आणि न्याय केला. थोरल्या बकारामला पाखऱ्या, मधल्या श्यामलालला मोऱ्या, धाकट्या उमरावला छकडा. सगळ्यांना सारखं मिळालं म्हणून पंच खूश होऊन जेवले आणि आपापल्या घरी गेले.

बकारामची बायको धुरपता त्या दिवशी पंगत वाढताना मनातल्या मनात म्हणाली होती, की आता एकाकडं धाव, एकाकडं धाव आणि एकाकडं नुसती चाकं. पण पंचांपुढं बोलायची तिची पाळी नव्हती. ती फक्त सरपंचाच्या पानात वरण जरा कमी वाढून गेली.

पुढं जे व्हायचं ते झालं. बकाराम गावभर सांगू लागला की जोडी धावायची ती पाखऱ्यामुळं, मोऱ्या नुसता सोबत ओढला जायचा. श्यामलाल सांगू लागला की पाखऱ्या आंधळ्यासारखा सुटतो, वाट धरायचा तो मोऱ्या. गुरांच्या कोठ्यात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. एका गव्हाणीची दोन तोंडं झाली. तिघांच्या तीन चुली पेटल्या आणि विहिरीवर दोन जावांनी एकमेकींकडं पाठ करून पाणी काढायचं असा नियम पडला. तो नियम कुणी केला हे धुरपताला कधी कळलं नाही, पण श्यामलालची बायको, धाकटी जाऊ शांतीबाई, तो पाळत होती, म्हणून तीही पाळत होती.

या सगळ्यात उमरावचं लग्न राहून गेलं.

धुरपता सासरी आली तेव्हा उमराव कमरेवर घेण्याएवढा होता. आता तो कमरेत वाकून दारातून आत यायचा, इतका उंच झाला होता. पटाचा छकडा हाकणारा धुरकरी म्हणून त्याचं नाव तालुक्यात होतं. दोन ठिकाणची बोलणी आली आणि मोडली. दोन्ही ठिकाणी एकच निरोप: पोरगा चांगला हाय, पण घर फुटलं हाय. नात्यातली माणसं सोयरिकीच्या गोष्टी पटाच्या मैदानावरच करतात, आणि मैदानावर जाऊन सांगायला कापगत्यांकडं आता जोडीच नव्हती.

तिसरं बोलणं सुकराम लांजेवाराचं. त्याची लेक कुंदा उमरावनं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिली होती, आणि तेव्हापासून तो आपलं धोतर नीळ घालून धुऊन राहिला होता. धुरपतानं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हे बोलणं मोडलं तर हा पोरगा जन्मभर नुसतं धोतरच धुवत बसेल.

सुकराम आला, अंगणात बसला, पाणी प्याला. हा माणूस कमी बोलायचा आणि बोलल्यावर मागं घ्यायचा नाही. त्यानं तिन्ही चुलींचा धूर पाहिला, कोठ्यातली भिंत पाहिली, मग बकारामकडं वळून म्हणाला, "पौषात तुमच्या गावी पट हाय ना?"

"हाय ना जी," बकाराम म्हणाला.

"मी येतो. तुमची जोडी एका जुवाखाली पाहीन. मले पहिला नंबर नाई पायजे. सरळ आली पायजे. सरळ आली तर पोरगी दिली. वाकडी आली तर मी गाडी जुपतो अन् जातो. आमच्या आज्यानं तलाव बांधला, तुमच्याही आज्यानं बांधला. पाणी वाटता येते, तलावाची पाळ वाटता येत नाई, हे तलाव बांधणाऱ्या कोहळ्याच्या पोराले मी का सांगावं?"

असं म्हणून तो उठला. उमराव छकड्याच्या चाकाला तेल घालत होता. त्या दिवशी त्यानं इतकं तेल घातलं की कोंबड्या घसरून पडू लागल्या.

आता कुणालाही वाटेल की भाऊ एक झाले. पण बकारामच्या डोक्यात भलतंच आलं. त्यानं धुरपताला सांगितलं, की जोडी म्हणजे दोन बैल. ते दोन कोणते हे काही सुकरामनं सांगितलं नाही. आणि तो गोंदियाला जाऊन गुलाबचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून एक बैल घेऊन आला. सुलतान त्याचं नाव. पांढराशुभ्र, वशिंड असं की त्यावर घागर ठेवावी. गुलाबचंदनं म्हणे बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "कापगतेजी, ये बैल नहीं, डाकगाड़ी है. आप तो बस झंडी दिखाओ."

धुरपतानं बैलाला ओवाळलं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हा कोनाच्या मागं धावला हाय का कधी?"

"कायले मागं धावन? पुढंच धावते तो."

"अन् पाखऱ्या?"

"तोही पुढंच."

"मग दोघंही पुढं गेल्यावर छकड्यात कोन राहीन जी?"

बकारामनं तिला बाईमाणसाला पटातलं कळत नाही असं सांगितलं, आणि तलावाच्या काठावर सराव ठेवला. सारं गाव पाहायला आलं. श्यामलाल येणार नव्हता, म्हणून तो मोहाच्या झाडावर चढून बसला होता.

झाडाखाली काय झालं ते अजून गावात सांगतात. पाखऱ्या आणि सुलतान सुटले, आणि सुटताच दोघांना कळलं की आपल्या शेजारीच एक बैल आहे. बस. धावायची वाट, म्हणजे पटाची दाण, राहिली बाजूला, दोघं एकमेकांशीच पट खेळू लागले. पाखऱ्या मान पुढं काढी, की सुलतान त्याहून पुढं काढी; जू एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. दोघेही अशा जोरानं धावले की तसा जोर कुणी पाहिला नव्हता, आणि त्या जोरानं ते सरळ तलावात गेले. उमराव वर आला तेव्हा त्याच्या गळ्यात शिंगाड्याचा वेल होता. ज्या ढिवराचा, म्हणजे कोळ्याचा, तो शिंगाडा होता, तो काठावर उभा राहून बकारामला, बैलाला, गुलाबचंदला आणि गोंदियाच्या साऱ्या बाजाराला एकाच दमात बोलला.

श्यामलाल झाडावरून उतरला तो हसतच, आणि मग त्याचीही अक्कल चरायला गेली. तो सासुरवाडीहून, सालेकसाकडून, एक गरीब बैल घेऊन आला. त्याचं म्हणणं असं की जोरावर जोर कामाचा नाही. जोडी गुण्यागोविंदानं चालली पाहिजे. मोऱ्या आधीच समजूतदार, हा त्याहून समजूतदार. दोघांना जुपलं. उमरावनं हाक दिली. मोऱ्यानं नव्या बैलाकडं पाहिलं, आधी तुम्ही पाऊल टाका. नव्या बैलानं मोऱ्याकडं पाहिलं, छे छे, आधी तुम्ही. आणि ते दोघं असा मान देत तिथंच उभे राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा लोक घरी गेले. जाताना बकाराम इतकंच म्हणाला, की सरळ मात्र आहेत.

इकडं पट तोंडावर आला. उमराव जेवेनासा झाला. एका दुपारी तो धुरपताच्या चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "वयनी, मी धुरकरी हाव. माझ्यापाशी छकडा हाय. माझ्यापाशी सारं हाय, बैल सोडून."

धुरपताला त्याच्या बोलण्याचं हसू आलं. तिनं पदर खोचला आणि घरात आल्यापासून कधी केलं नव्हतं ते केलं. विहिरीवर जाऊन शांतीबाईकडं तोंड करून उभी राहिली.

शांतीबाईनं थोडा वेळ नियम पाळला. मग तिनंही तोंड वळवलं.

"बाई, मीच येनार होतो," ती म्हणाली. "आमचा मोऱ्या कडबा खात नाई. रोज सांजचं त्या भिंतीले कान लावून उभा राहते."

"अन् आमचा पाखऱ्या भिंत चाटते," धुरपता म्हणाली. "चाटून चाटून शेण उतरवलं त्यानं."

पुरुष खळ्यावर मळणीला गेले होते. दोघी जावा कोठ्यात शिरल्या. एकीच्या हातात मुसळ, दुसरीच्या हातात पहार. कुडाची भिंत ती, आणि निम्मी पाखऱ्यानं चाटून ठेवलेली. दोन दणक्यांत आडवी झाली. शांतीबाईला असं हसू फुटलं की तिला मुसळाचा टेकू घ्यावा लागला. धूळ खाली बसली तेव्हा पाखऱ्या आणि मोऱ्या एकमेकांची मानगूट चाटत होते, जशी काही मंडईत भेटलेली बहीण बहिणीच्या गळ्यात पडावी.

सांजचं बकाराम आला आणि त्यानं विचारलं, भिंत कुणी पाडली. धुरपता म्हणाली, बैलानं.

"कोनत्या?"

यावर धुरपता जे बोलली ते तिच्या साऱ्या संसारातलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं होतं. ती म्हणाली, "मी काय पाहात बसली होतो का जी?"

झालं. बकाराम म्हणाला, एवढी भिंत पाडायची म्हणजे पाखऱ्याचंच काम. श्यामलाल म्हणाला, पाखऱ्या नुसता हुंदडतो. रेटा द्यावा तर मोऱ्यानं. दोघांनी पडलेल्या कुडाभोवती फिरून आपापल्या बैलाच्या शिंगांच्या खुणा दाखवल्या. ज्यानं भिंत पुन्हा उभारली असती, त्याच्या बैलाचा पराक्रम पुसला गेला असता. म्हणून भिंत तशीच पडून राहिली आणि बैल एका गव्हाणीत खाऊ लागले.

एवढं झाल्यावर जोडी जुपायला दोघेही तयार झाले. पुकारा कुणाच्या नावानं करायचा यावर पुन्हा तंटा होणार होता, पण छकडा उमरावचा म्हणून नावही उमरावचं, असं शांतीबाईनं श्यामलालकडून आणि धुरपतानं बकारामकडून कबूल करून घेतलं. दोघांनाही त्यात एकच समाधान होतं, की निदान दुसऱ्याचं नाव लागत नाही.

पटाला मैदान फुललं. मालगुजारी गेली तरी पटाचा थाट गेला नव्हता. आमगावपासून खासरा, म्हणजे हलक्या बैलगाड्या, आल्या होत्या, जिलेबीच्या कढया लागल्या होत्या. बाया आपापल्या गाड्यांवर उभ्या राहून पाहत होत्या. सुकराम आपल्या बायकोला आणि कुंदाला घेऊन आला होता. त्यानं गाडी अशी उभी केली होती, की बैल सोडले तरी जू हाताशीच राहील. म्हणजे निघायला वेळ लागू नये.

उमरावचा पुकारा झाला. जोडी सुटली. आणि धुरपताचा जीव हरखला, कारण जोडी अशी येत होती की जणू एकच बैल आणि त्याला पाय आठ. डावीकडं मोऱ्या वाट धरून, उजवीकडं पाखऱ्या त्या वाटेवर आपला सारा जोर ओतून.

तेवढ्यात दाणीच्या उजव्या अंगाला बकारामला राहवलं नाही.

"पाखऱ्या, चाल बेटा," तो ओरडला. वर्षभर पाखऱ्यानं हाच एक आवाज ऐकला होता. त्यानं धन्याकडं कान केला आणि उजवीकडं झेप टाकली.

"मोऱ्या, हाण," डाव्या अंगानं श्यामलाल.

मोऱ्या डावीकडं.

"पाखऱ्या."

"मोऱ्या."

एका भावाचा आवाज चढला की दुसऱ्याचा त्याहून चढायचा. म्हाताऱ्या परसरामांनी उभ्या जन्मात बैलांची नावं पटात घेतली नव्हती. ते एकच लांब हाळी द्यायचे आणि दोन्ही बैलांना ती आपलीच वाटायची. आता छकडा या काठावरून त्या काठावर, नागमोडी, पावसाळ्यातल्या नाल्यासारखा चालला. उमराव मधे उभा राहून हात जोडून दोन्ही भावांना विनवत होता, नावं नोका घेऊ. बैल शेवटाला पोचले ते आडवे. झेंडीवाल्यानं नोंद काय करावी म्हणून पंचाकडं पाहिलं आणि पंचानं आभाळाकडं.

सुकरामनं जू उचललं.

धुरपता आपल्या गाडीवरून उतरली आणि चालत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. परक्या माणसापुढं अशी ती कधी उभी राहिली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती म्हणाली, की पट उद्याही आहे, आणि उद्या पुन्हा जोडी सुटणार आहे.

"बाई, बैल सरळच होते," सुकराम म्हणाला. "मी पाहिलं ना. वाकडे तुमचे मानसं हायत. मानसं रातभरात सरळ होतात का?"

"नाई होत जी," धुरपता म्हणाली. "पन एक दिवस थांबा. मानसाईचं मी पाहून घेतो."

सुकरामनं जू खाली ठेवलं. त्याच्या बायकोनं आधीच नात्यातल्या एकीकडं मुक्कामाचं ठरवून टाकलं होतं असंही म्हणतात.

घरी दोघा भावांनी गळ्याची शपथ घेतली, की उद्या ब्र काढणार नाही. पण शपथ घेतानाही बकाराम म्हणाला, तो नाही ओरडला तर मीही नाही. श्यामलालही तेच म्हणाला. धुरपतानं शांतीबाईकडं पाहिलं. दोघींच्या मनात एकच आलं: यांच्या तोंडाचा भरवसा नाही.

"मग तोंडच भरून टाकू," शांतीबाई म्हणाली.

ऊस पिकवणाऱ्या कोहळ्याच्या घरी गुळाला काय तोटा. शांतीबाईनं गुळाचा पाक असा पक्का केला की पळी उभी केली तर पडेना. त्यात मुरमुरे टाकले आणि मुर्राचे दोन लाडू वळले, नारळाएवढे. सुकल्यावर एक लाडू हातातून निसटून जात्यावर पडला. जात्याची कपची उडाली म्हणतात. लाडवाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जोडी जुवाखाली उभी राहिली तेव्हा दोघी जावा आरती घेऊन गेल्या. बैलांना कुंकू लावलं, पाय धुतले. मग धुरपतानं नवऱ्यापुढं आणि शांतीबाईनं आपल्या नवऱ्यापुढं लाडू धरला. शंकराचा प्रसाद. मालकानं अख्खा तोंडात घ्यावा, तोडू नये, आणि जोडी परत येईपर्यंत थुंकू नये. अशी रीत कापगत्यांत कधी नव्हती, पण साऱ्या मैदानादेखत प्रसादाला नाही कोण म्हणणार? बकारामनं श्यामलालकडं पाहिलं. श्यामलालनं जबडा उघडला. मग बकाराम कसा मागं राहतो. त्यानं त्याहून मोठा उघडला.

दोघांचे दात पाकात रुतले ते रुतलेच.

पुकारा झाला, झेंडी पडली. उजव्या काठावर बकाराम गाल फुगवून, मुठी वळून उभा; डाव्या काठावर श्यामलाल डोळे बाहेर काढून. दोघांच्या घशातून एकच आवाज निघाला, "म्म्म्म्", लांबच लांब. कुणाचं नाव नाही त्यात, कुणाचा बैल नाही. दोन्ही बैलांनी कान टवकारले आणि तो आवाज दोघांनाही आपलाच वाटला.

जोडी आली. दाणीत ओढलेल्या दोरीवरून आल्यासारखी. उमरावनं कासरा हातात नुसता धरला होता. त्याला काही करावंच लागलं नाही. पहिला नंबर आमगावच्या जोडीनं नेला, केसभर फरकानं, आणि कापगत्यांचा दुसरा आला. पण आमगावची जोडी तरी कुणी पाहिली? धुरपता गाडीवर उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शांतीबाईचा हात कधी हातात आला ते तिला कळलं नव्हतं.

सुकराम मैदान ओलांडून आला. त्याच्या हातात जू नव्हतं, सुपारी होती.

"जोडी सरळ आली," तो म्हणाला. "मी बोललो ते बोललो. आता सांगा, पोराच्या अंगानं कोन बोलते? थोरले का मधले? ज्याच्या सबदाले दोघाईचा हुंकार, त्याच्याशी व्याहीपन करीन."

हाच तो प्रश्न, ज्यावर पंच दोन दिवस बसले असते. बकाराम पुढं सरसावला. श्यामलाल त्याच्याही पुढं. दोघांनी तोंडं उघडायचा जोर केला, पण पाकानं काही जबडे सोडले नाहीत. बकाराम स्वतःच्या छातीकडं बोट करून मान हलवू लागला. श्यामलाल आपल्या छातीकडं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोघेही हो हो म्हणून राहिले आहेत.

मग धुरपता पुढं आली. बाईमाणसानं अशा वेळी बोलू नये हे तिला ठाऊक होतं, आणि बोलू शकणारं दुसरं माणूस घरात नव्हतं हेही.

"मी बोलतो जी," ती म्हणाली. "पोरगा माझ्या हातचा हाय. अन् दोघाईचा हुंकार तुमी ऐकूनच राहिले."

"म्म्म्," बकाराम म्हणाला.

"म्म्म्," श्यामलाल म्हणाला.

सुकरामला त्या दिवशी हसताना साऱ्या मैदानानं पाहिलं. त्यानं सुपारी धुरपताच्या पुढं ठेवली, दगडानं फोडली, आणि कुंदाच्या आईनं कुंकवाचा करंडा काढला. उमराव अजून छकड्यातच उभा होता. त्याला उतरायचं कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि ते सांगायला कुंदालाच हसू आवरून मान हलवावी लागली.

उन्हं उतरल्यावर पाक विरघळला. दोघं भाऊ जिलेबीच्या कढईमागं एका बाजेवर बसले होते, जबडे चोळत. धुरपतानं दोघांना पाण्याचा एकच तांब्या नेऊन दिला. बकाराम प्याला, चूळ भरली, आणि सबंध दिवसात त्याचा पहिला शब्द निघाला.

"मोऱ्या चांगला धावला," तो म्हणाला.

श्यामलालनं तांब्या तोंडापाशी तसाच धरून ठेवला, आणि यात शिवी नेमकी कुठं दडली आहे, याचा तो दिवे लागेपर्यंत विचार करत बसला.